गरम कालव्यावरची बादली

माझ्या फील्डबुकात एक नोंद आहे. ‘सकाळी ९.४०. कालव्याचा उजवा काठ. पांढरा पिकअप ट्रक. एक माणूस, हातात बादली, पाण्यापाशी वाकलेला.’

नोंदीतली वेळ बरोबर आहे, जागा बरोबर आहे, ट्रकचा रंगही बरोबर आहे. तरीसुद्धा माझ्या सबंध नोकरीत मी लिहिलेली सगळ्यांत वाईट नोंद कोणती, असं कुणी विचारलं तर मी याच पानावर बोट ठेवीन. या चार ओळींपायी एका माणसाचं दुकान बंद पडायची वेळ आली होती. त्याला इथे मी रे म्हणतो. हे त्याचं खरं नाव नव्हे.

आधी माझं काम काय होतं ते सांगतो, कारण ते माझ्या सासुरवाडीलाही शेवटपर्यंत नीट कळलं नाही. मी मासे मोजायचो. नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिल गावापासून गाडीनं तासाभरावर, एका नदीकाठी कोळशावर चालणारं वीज केंद्र होतं. अशा केंद्रात वाफेवर चक्र फिरतं आणि वापरलेली वाफ थंड करायला नदीचं पाणी लागतं. ते पाणी एका बाजूनं आत घ्यायचं आणि वाफेची उष्णता घेऊन गरम झालं की दुसऱ्या बाजूनं एका कालव्यातून परत नदीत सोडायचं. भर जानेवारीत वरच्या अंगाला नदीचं पाणी सहा-सात अंश असायचं, तेव्हा या कालव्यात ते तेवीस-चोवीस असायचं. हिवाळ्यात कालव्यावर सतत वाफ धरलेली असे. नदीतल्या माशांना हे काही दिवसांत कळतं. ते तिथे येऊन राहतात.

पाणी असं गरम करून सोडायचं तर सरकारचा परवाना लागतो, आणि परवाना हवा तर नदीतल्या माशांचं फार बिघडत नाही हे दर वर्षी दाखवावं लागतं. ते दाखवण्याचं कंत्राट आमच्या छोट्या कंपनीकडे होतं. आम्ही चारच माणसं. माझी साहेब डॉना, पन्नाशीची, उन्हात रापलेली, कमी बोलणारी.

आमच्या होडीवर जनरेटर असायचा. पुढे दोन लांब दांड्या आणि त्यांना लोंबणाऱ्या पोलादी तारा. तारा पाण्यात सोडायच्या, पायाखालची कळ दाबायची आणि पाण्यात ठरावीक वीज सोडायची. मासे काही क्षण बधिर होऊन वर येतात. जाळीच्या पळ्यानं ते उचलायचे, होडीतल्या टाकीत ठेवायचे, जात ओळखायची, लांबी घ्यायची, वजन घ्यायचं आणि शुद्धीवर आले की सोडून द्यायचे. नीट केलं तर मासा मरत नाही. हे मी लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की बायको आता माझ्या आधीच सांगून टाकते.

मी माजलगावच्या शाळेत शिकलो. वडील एस.टी.च्या डेपोत गाड्या धुवायचे. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. आमच्या विज्ञानाच्या सरांनी कोकणातल्या मत्स्य महाविद्यालयाचा फॉर्म स्वतः आणून, स्वतः भरून माझ्याकडून सही करून घेतली होती. तिथून शिष्यवृत्तीवर अमेरिकेत एम.एस. आणि २००१ साली ही नोकरी. माझ्या घरात कुणी लिहिलेल्या कागदावर दुसरं कुणी कधी विसंबलं नव्हतं. इथे मी लिहिलेला आकडा डॉना सही करून सरकारला पाठवायची. मला त्याचं फार अप्रूप होतं. अजूनही आहे.

२००३ च्या जानेवारीत माझ्या पळ्यात एक ऑस्कर आला. वीतभर लांब, काळा, अंगावर नारिंगी नक्षी. मूळचा ॲमेझॉनचा मासा. दातांच्या डॉक्टरांकडे बसायच्या खोलीत जी काचेची टाकी असते, तिथला. नदीत हा दिसणं म्हणजे बाभळीवर पोपटाऐवजी पेंग्विन बसलेला दिसणं.

डॉनानं तो हातात फिरवून पाहिला.

“मासे चालत येत नाहीत,” ती म्हणाली. “कुणाची तरी गाडी येते.”

पुढच्या फेरीत आणखी ऑस्कर सापडले. मग टाकीची काच चाटणारे सकर, ज्यांनी काठाच्या मातीत हातभर खोल बिळं केली होती. आणि एप्रिलमध्ये काळ्या पट्ट्यांचे छोटे सिक्लिड, ज्यांना इथे कैदी मासे म्हणतात. त्यांच्याभोवती पिल्लांचा ढग होता. म्हणजे नुसते जगत नव्हते, वाढत होते. नदीतल्या तांबड्या छातीच्या मूळच्या माशांनी जिथे घरटी करायची, त्या उथळ वाळूवर आता हे पहारा देत होते. कालवा सोडून थंड पाण्यात गेले असते तर दोन दिवसांत मेले असते. पण कालवा सोडायचं त्यांना कारणच नव्हतं.

तेव्हापासून नदीवर सगळे एकमेकांकडे वाकड्या नजरेनं पाहायला लागले. केंद्रातल्या लोकांना वाटे, काम वाढावं म्हणून आम्हीच मासे आणून टाकतो. राज्याच्या वन्यजीव खात्यातून जो अधिकारी यायचा त्याला वाटे, केंद्रवाले काहीतरी लपवताहेत. मला केंद्राच्या कँटीनमधल्या टाकीचा संशय आला. तीन महिने मी तिथे कॉफी प्यायच्या निमित्तानं जाऊन टाकीतले मासे मोजत होतो. एकही कमी झाला नाही.

मग मला रे सापडला.

नदीपासून पाच मैलांवरच्या गावात कपड्याच्या गिरणीत त्यानं वीसेक वर्षं काढली होती. गिरणी बंद झाल्यावर त्यानं लाँड्रीच्या शेजारी शोभेच्या माशांचं दुकान टाकलं. आजूबाजूला तसं तेच एक. मी एका दुपारी गिऱ्हाईक म्हणून आत गेलो. दाढी वाढलेला, बारीक अंगाचा माणूस एका टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभा होता.

“ऑस्कर मोठे झाले की परत घेता का?” मी विचारलं.

“नाही. दाराबाहेर गेलेला मासा आत येत नाही. रोग आणतात.”

“मग लोक त्यांचं काय करतात?”

त्यानं हात बाहेर काढला, पुसला आणि माझ्या पायांकडे पाहिलं.

“मासे विकत घ्यायला कुणी रबरी बूट घालून येत नाही,” तो म्हणाला. “तू मोजणारा ना?”

मी बाहेर पडलो. परतताना मनाशी पक्कं केलं की हाच. विकले न गेलेले, मोठे झालेले, आजारी मासे हाच नेऊन टाकतो. नाहीतर मी कोण हे याला कसं माहीत?

ऑगस्टमध्ये एका सकाळी कालव्याच्या काठाला पांढरा पिकअप दिसला आणि पाण्याशी वाकलेला रे दिसला. मी आमच्या गाडीतच बसून राहिलो. वही काढली आणि सुरुवातीला दिलेल्या ओळी लिहिल्या. दहा मिनिटांनी तो निघून गेला. त्या संध्याकाळी ती नोंद डॉनाला दिली. तिनं ती अहवालाला जोडली आणि राज्याच्या खात्यानं रेला पत्र पाठवलं. त्याच्या दुकानातल्या काही जाती ठेवायला राज्याची परवानगी लागत असे आणि तिचं नूतनीकरण जवळ आलं होतं. ते थांबवलं आहे, जानेवारीअखेर येऊन खुलासा करावा, असं पत्रात होतं. परवानगी गेली असती तर त्याच्या निम्म्या टाक्या रिकाम्या झाल्या असत्या आणि उरलेल्या निम्म्यांवर दुकान चाललं नसतं.

“तुझी नोंद कामाला आली,” डॉना म्हणाली.

मला आनंद झाला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झाला.

ऑक्टोबरमध्ये आम्ही कालव्याच्या तोंडाशी ओढजाळं लावलं. दोन टोकांना दोघं उभे राहून जाळं तळावरून किनाऱ्याकडे ओढत आणायचं. माझ्या टोकाला काहीतरी जड लागलं. गाळात रुतलेला स्टीलचा डबा होता. कडीचा, दोन-तीन किलो पीठ मावेल असा. मी गाळ पुसला आणि डब्याच्या पोटावर बारीक टिंबाटिंबांची कोरलेली अक्षरं दिसली. देवनागरी. ‘श्री. व सौ. देशमाने, बार्शी यांजकडून. वास्तुशांत.’

जाळ्यात सापडलेली प्रत्येक वस्तू लिहायची असा आमचा नियम होता. टायर, बाटल्या, एकदा एक कवळी, सगळं मी लिहिलेलं आहे. हा डबा मी लिहिला नाही. रेनकोटात गुंडाळून पाठपिशवीत टाकला. डॉना दुसऱ्या टोकाला जाळं धुवत होती.

घरी वैशालीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, डबा उलटासुलटा करून पाहिला.

“आपल्यातलंच कुणीतरी आहे,” ती म्हणाली. “भांड्यावर नाव घालून भेट देणारे लोक जगात आणखी कुठे आहेत?”

“पण ही देणाऱ्याची नावं. डबा कुणाचा ते कुठे लिहिलंय?”

“म्हणून तर विचारायला हवं. आणि शांतपणे विचार. पोलिसासारखा जाऊ नकोस.”

आमच्या महाराष्ट्र मंडळाची दिवाळी एका शाळेच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी असायची. तिथे माझी ओळख म्हणजे मासेवाला ढवळे. आयटीतल्या पन्नास घरांत मी एकटाच चिखलात काम करणारा. कुणाच्या टाकीतल्या माशाला पांढरे ठिपके आले की मला फोन. कुणाचं पाणी गढूळ झालं की मला फोन. मी डबा पिशवीतून काढून फराळाच्या टेबलावर ठेवला आणि बाजूला उभा राहून कोण दचकतंय ते पाहू लागलो. कुणी दचकलं नाही. उलट सुमनकाकू हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, “अय्या, सापडला का? कुठे होता हो?”

सुमनकाकू पुण्याला बँकेत नोकरी करून निवृत्त झालेल्या. मॉरिसव्हिलला मुलगा मंदार आणि सुनेकडे राहायच्या. गाडी चालवता येत नसली तरी सगळ्या मंडळाचं त्यांना माहीत असे.

“काकू, हा तुमचा?”

“माझा कुठला. नागपूरचं ते जोडपं गेलं ना, त्यांनी जाताना दिला. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी दिला होता. यातून नेताना हातातून सुटला आणि गेला वाहत. मला फार चुटपुट लागली होती. लोकांच्या नावाची वस्तू.”

“यातून काय नेत होतात?”

“मासे,” काकू म्हणाल्या. “दुसरं काय?”

त्या दोन वर्षांत नोकऱ्या जात होत्या हे वाचकांना आठवत असेल. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि काही आठवड्यांत घर आवरून परत जावं लागे. मिक्सर, कुकर, गाद्या, मुलांची सायकल, सगळं मंडळातल्या पुढच्या घराकडे जाई. पण माशांची टाकी कुणी घेत नसे. ऑस्कर दुसऱ्या माशांना खातो, त्याला वेगळी टाकी लागते. मग ते मासे काकूंकडे यायचे.

“रेच्या दुकानात परत द्यायला नेले होते,” काकू म्हणाल्या. “तो घेत नाही. कुणी म्हणालं, फ्लश करा. अहो, जीव आहे तो. घरात वाढवलेला. मुलांनी नावं ठेवलेली. असा कसा फ्लश करायचा?”

मंदार तोवर चकलीची प्लेट घेऊन येऊन उभा राहिला होता.

“आमच्या बाथटबमध्ये चार ऑस्कर होते, यार,” तो म्हणाला. “दोन आठवडे मी जिममध्ये जाऊन आंघोळ केली. शेवटी मी आईला म्हटलं, एक तर ते राहतील नाहीतर मी.”

“आणि मग कालव्यात?” मी विचारलं. “कालव्यातच का?”

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी थट्टा करतोय.

“अहो, तुम्हीच नाही का सांगितलंत?” काकू म्हणाल्या.

मग मला आठवलं. २००२ ची संक्रांत, तिळगूळ, हाच हॉल. मंदारनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, “ढवळे, यार, तू मासे मोजायला अमेरिकेत आलास?” लोक हसले होते. आणि मी, माझं काम किती मोठं आहे हे पटवून द्यायला, दहा मिनिटं बोललो होतो. वाफ, कालवा, चोवीस अंश पाणी. बोलण्याच्या भरात म्हणालो होतो की आपल्याकडच्या गरम पाण्यातले मासेसुद्धा तिथे हिवाळाभर मजेत राहतील. कुणीतरी विचारलं होतं की असा मासा एका पाण्यातून दुसऱ्यात कसा घालायचा. तेही मी सांगितलं होतं.

“तुम्ही सांगितलंत तसंच केलं,” काकू म्हणाल्या. “आधी तिथलं पाणी थोडं थोडं डब्यात घातलं. अर्धा तास. मग सोडले. छान पोहत गेले.”

“किती वेळा गेलात?”

“मंदारच्या गाडीनं पाच-सहा खेपा झाल्या असतील. बाकीचे आपापले जातात. मी सगळ्यांना तुमचं नाव सांगते.”

मी डबा परत पिशवीत घातला. काकू म्हणाल्या, “तो द्या ना,” आणि मी म्हणालो, “देतो नंतर.” मला त्या डब्याची भीती वाटत होती.

त्याच आठवड्यात मी डॉनाला सांगायला हवं होतं. माझ्या ग्रीन कार्डाचे कागद कंपनीतर्फे गेले होते, त्यावर तिची सही होती. मी सांगितलं नाही. उद्या सांगू, अहवाल झाला की सांगू, ख्रिसमस झाला की सांगू. रेची तारीख जानेवारीअखेर होती, म्हणजे वेळ होता. आणि मनात एक वकील बसलेला होता तो म्हणत होता, काकूंनी टाकले म्हणून रेनं टाकले नाहीत असं थोडंच आहे? बादली तर तू डोळ्यांनी पाहिलीस.

जानेवारीच्या मध्यावर केंद्रातली दोन्ही यंत्रं एकाच दिवशी बंद पडली. गरम पाणी यायचं थांबलं. कालव्याचं पाणी काही तासांत नदीइतकं गार झालं. याला आम्ही थंडीचा धक्का म्हणतो. गरम पाण्यात राहिलेल्या माशाला इतक्या झपाट्यानं जुळवून घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉनानं मला पुढे पाठवलं. मेलेले मासे मोजणं हा आमच्या कामाचाच भाग.

कालव्याच्या काठाला चंदेरी माशांचा पट्टा लागला होता. त्यात ऑस्कर, कैदी मासे, बिळांतून बाहेर येऊन उलटे पडलेले सकर. आणि गुडघाभर पाण्यात, हातात जाळी घेऊन रे. काठावर त्याची बादली, आणि एक बर्फाची पेटी, तिच्यात बॅटरीवर हवेचे बुडबुडे सोडणारा पंप. तो पाण्यातून एक ऑस्कर उचलायचा, बोटानं त्याचे कल्ले उघडून पाहायचा आणि धुगधुगी असेल तर पेटीत ठेवायचा. पेटीतलं पाणी त्यानं दुकानातून गरम आणलं होतं.

मी या वेळी गाडीत बसून राहिलो नाही.

“हे काय करतोयस?”

“लिहून घे,” तो मान वर न करता म्हणाला. “पांढरा ट्रक, एक माणूस, एक बादली.”

पत्राबरोबर खात्यानं त्याला माझ्या नोंदीची प्रत पाठवली होती, हे मला तेव्हा कळलं.

“ऑगस्टमध्येही हेच करत होतास?”

“दर महिन्याला. तुझ्या वहीत बादली आहे. ती भरलेली आणली की भरलेली नेली, हे नाही. मी उतरलो तेव्हा रिकामी होती. तू उठून विचारलं असतंस तर दाखवली असती.”

“मग दुकानात परत का घेत नाहीस?”

“दारातून घ्यायला लागलो तर सगळा जिल्हा येईल. महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवावे लागतात, माझ्याकडे तशा दोनच टाक्या आहेत.” त्यानं आणखी एक मासा पेटीत ठेवला. “तुमचे लोक यायचे विचारायला. मी नाही म्हणायचो. मग ते गाडीत बसून कुठल्या दिशेनं जायचे, ते मला दिसायचं. दुसऱ्या दिवशी मी इथे यायचो.”

“आणि काढलेले विकायचास?”

“नाहीतर काय त्यांना कॉलेजात घालू?”

मी विचारलं की हे सगळं त्यानं राज्याच्या माणसाला का कळवलं नाही. तो तेव्हा पहिल्यांदा सरळ उभा राहिला.

“काय कळवू? की भारतातून आलेले लोक टाकतात, नावं माहीत नाहीत? आणि तिकडे कागदावर तुझी सही. मला वाटलं, तू आपल्या लोकांना वाचवायला माझं नाव लिहिलंस. अजून तसंच वाटतं.”

ऑगस्टमध्ये ते खोटं होतं. जानेवारीत, डबा माझ्या कपाटात असताना, ते खरं झालं होतं.  मी वही खिशात घातली, पाण्यात उतरलो आणि त्याची पेटी धरली. त्यात अकरा मासे जिवंत होते. उरलेले मोजायला आम्हाला संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी मी दीड पानाचं निवेदन लिहून डॉनाच्या टेबलावर ठेवलं, वर डबा. बादलीच्या नोंदीवरून काहीच सिद्ध होत नाही, मासे माझ्या ओळखीच्या कुटुंबांनी सोडले, आणि ते मी दिलेल्या माहितीवरून सोडले, असं त्यात होतं. कुटुंबांची नावं लिहिली नाहीत. माझं लिहिलं.

तिनं दोनदा वाचलं. डब्यावरची अक्षरं वाचून दाखवायला सांगितली.

“हा ऑक्टोबरमध्ये सापडला?”

“हो.”

“आणि मी दहा फुटांवर होते.”

“हो.”

“तुझ्या कागदांवर मी लिहून दिलंय की या माणसाच्या नोंदींवर आम्ही विसंबतो,” ती म्हणाली. “ते मी परत घेणार नाही. पण आता ते माझ्यासाठी तसं राहिलेलं नाही.”

निवेदन तिनं त्याच दिवशी पाठवलं. पुढची दोन वर्षं माझ्या प्रत्येक पानावर दुसऱ्या कुणाची तरी सही लागायची. मी साधं पाण्याचं तापमान लिहिलं तरी कुणीतरी येऊन थर्मामीटर पाहायचं. तिचं चुकलं असं मला कधी वाटलं नाही. ग्रीन कार्ड झालं, २००८ साली. डॉनानं अभिनंदन केलं, हातात हात दिला. पूर्वीसारखं ती मला होडी एकट्याला मात्र कधीच देऊ शकली नाही.

मंडळातही बातमी पोचली. मंदार एका रविवारी सकाळी दारात उभा.

“तू आमच्याबद्दल सरकारला लिहून दिलंस म्हणे. यार, आमचे पण ग्रीन कार्डाचे कागद लागलेत.”

“कुणाचं नाव नाही त्यात.”

“दाखव.”

मी प्रत दाखवली. त्यानं उभ्या उभ्या वाचली. मग बसून पुन्हा वाचली. चहा घेतला नाही. पुढे बरेच महिने माशांच्या आजाराबद्दल मला एकही फोन आला नाही.

रेला परवानगी मिळाली, पण एका अटीवर. लोकांचे नकोसे झालेले मासे त्यानं परत घ्यायचे आणि तसा फलक दारावर लावायचा. वेगळ्या टाक्या ठेवायला त्यानं मागच्या खोलीतलं सामान बाहेर काढलं. फेब्रुवारीत तो आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये येऊन थांबला. ट्रकमधून पांढरा रंग दिलेली एक फळी काढून त्यानं माझ्यासमोर धरली. वरच्या अर्ध्या भागात इंग्रजी मजकूर रंगवलेला होता. खालचा भाग कोरा.

“इथे तुमच्या भाषेत लिही,” तो म्हणाला. “तेच. जास्त नाही, कमी नाही.”

मी घरी नेऊन दोन संध्याकाळी बसून काळ्या रंगानं लिहिलं. ‘मासे नदीत किंवा कालव्यात सोडू नका. इथे आणून द्या. आम्ही परत घेतो.’ शाळेत असताना मी निवडणुकीच्या भिंती रंगवल्या होत्या, त्यामुळे अक्षर बरं आलं. शनिवारी फळी दुकानात नेऊन दिली. रेनं ती काउंटरमागे भिंतीला टेकवून ठेवली, आभार मानले आणि टाकीत हात घातला.

पुढच्या शनिवारी गेलो तर फळी तिथेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही. मी विचारलं नाही.

मग सुमनकाकूंचा फोन आला. मंडळातून पहिला.

“अहो ढवळे, मी त्या रेकडे गेले होते. आमच्या शेजाऱ्यांचा सकर द्यायला. त्यानं मला आत बोलावलं आणि तुमची फळी दाखवली. म्हणाला, यात काय लिहिलंय ते सांगा.”

“मग?”

“शब्दन्‌शब्द सांगितला. तो म्हणाला, माझ्याबद्दल काही आहे का? मी म्हटलं, नाही. म्हणाला, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. तोवर त्यानं एका कागदावर आधीच दुसऱ्या कुणाकडून इंग्रजीत लिहून घेतलेला अर्थ काढला आणि माझ्या वाचण्याशी ताडून पाहिलं. तुम्ही लिहिलंत म्हणून हो. मला फार वाईट वाटलं तुमच्यासाठी.”

“जुळलं का?” मी विचारलं.

“जुळलं. पण तो म्हणाला, अजून एक माणूस येऊन वाचू दे.”

मार्चमध्ये मी गेलो तेव्हा तो शिडीवर चढून फळी दारावर बसवत होता. मी खालून शिडी धरू का म्हणून विचारलं. त्यानं तोंडातला स्क्रू काढला, माझ्याकडे पाहिलं आणि थोडा विचार करून म्हणाला, “धर.”